चोंगचिंगला आलेला फोन

शनिवार, ११ ऑक्टोबर. फ्रीझर डीफ्रॉस्ट करायला काढलाय. मटारच्या पिशव्या सिंकमध्ये, खाली जुने टॉवेल, बर्फ आपापला सुटतोय. तोवर बसून लिहिते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. मग आज का? हात रिकामे आहेत म्हणून, असं म्हणता येईल. खरं म्हणजे सकाळी नीलिमाचा फोन आला होता.

नीलिमा कॉलेजपासूनची मैत्रीण, आता लंडनला, पिनर भागात असते, मी नॉटिंगहॅमला. दीड वर्षापूर्वी आम्ही दोघी आणि आमची तिसरी मैत्रीण चारू चीनला गेलो, चोंगचिंगला. आखणी सगळी माझी. माझीच असते.

ते शहर पहिले काही दिवस माणसाला वेडं करतं. लिफ्टनं अकराव्या मजल्यावर जावं, तर दार उघडल्यावर समोर रस्ता, बस, फळवाला. फोनवरचा नकाशा म्हणतो पोचलात. हॉटेल असतं दहा मजले खाली. "शुभा, आपण नक्की जमिनीवर आहोत ना गं?" असं चारू दर तासाला विचारायची. आम्ही खूप हसलो. हे मुद्दाम सांगतेय — ट्रिप चांगली चालली होती. मला ती तशीच चालायला हवी होती.

एक व्यवहाराची गोष्ट. त्या दोघींनी विमानतळावर स्वस्तातलं लोकल सिम घेतलं. त्यावर इंग्लंडचे, भारतातले नेहमीचे व्हिडिओ कॉल लागत नाहीत, हे मी आधी बजावलं होतं. माझं ब्रिटिश सिम रोमिंगवर चालू होतं. त्यामुळे तिघींच्या घरचे फोन माझ्याकडे यायचे. "आमचं पोस्ट ऑफिस," चारू म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवरच्या केबल कारच्या रांगेत होतो. ठरावीक वेळेची तिकिटं, पासपोर्ट दाखवून काढलेली. फोन वाजला. अजय — नीलिमाचा धाकटा भाऊ, सांगलीहून. त्या दिवशी त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. साधं आहे, तू जा, असं सगळ्यांनीच नीलिमाला सांगितलं होतं.

"शुभाताई, आईला आत नेतायत. आधी नीलूशी बोलू दे म्हणतेय. द्या ना जरा."

नीलिमा कुठे होती? माझ्यापुढे. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. रांग दारापाशी आली होती. ती बोलली असती तर रडली असती, रांगेतून बाहेर पडली असती, दिवस गेला असता. एवढाच विचार केला मी. याहून मोठा काही केला असता तर — तर काय? तो केला नाही.

"ती खाली गेलीये रे," मी म्हटलं. "आली की लावते."

लावला नाही. केबल कारमधून नदी पाहिली. फोटो काढले.

आई शुद्धीवर आल्या नाहीत. संध्याकाळी अजयचा पुन्हा फोन आला, तो मात्र लगेच तिच्या हातात दिला. तिनं रडता रडता विचारलं, आत नेण्याआधी मला का नाही फोन केलास? तो म्हणाला, केला होता, शुभाताईंनी घेतला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी? नाही गं. रेंजच नव्हती."

तुम्हाला वाटेल, पहिलं खोटं मोठं. नाही. हे दुसरं. पुढे अजयनं फोनमधली नोंद दाखवतो म्हटलं, तर ती म्हणाली, मला बघायचीच नाही, शुभा खोटं बोलत नाही. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. मी बाजूला बसून तिला चहा करून दिला. अनेकदा.

आज सकाळी ती सांगत होती, अजयच्या मुलीचं लग्न ठरलंय, बोलावणं आलंय. "खोटारड्याच्या दारात कशाला जाऊ?" असं म्हणून हसली. तिच्या भाचीचं लग्न. मी काय म्हणाले? "बघ बाई, तुझं तू ठरव."

रविवार. सकाळी गाडी काढली आणि पिनरला गेले. नीलिमानं ड्रेसिंग गाऊनमध्ये दार उघडलं. "अगं, न सांगता? काय झालं?" मी पॅसेजमध्येच, कोट न काढता सांगितलं. रांग, फोन, रेंज, सगळं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "त्याला सांग. आत्ता, माझ्यासमोर."

सांगलीत दुपार झाली होती. मी फोन लावला. अजयनं उचलला आणि मी माझं नाव सांगितलं.