ओळखीची असू शकेल अशी सलोनी

नीलमताई आगाशे तशा घाबरट नव्हेत. नवऱ्याच्या, चंद्रकांतरावांच्या, रेल्वेतल्या बदल्यांपायी सहा गावांत बिऱ्हाडं थाटली, मोडली, आणि शेवटी लखनऊला निशातगंजात घर घेऊन ऐटीत राहिल्या. संक्रांत आली की इथल्या मराठी घरांत त्यांचा भाव वधारायचा. लहान मुलांच्या बोरन्हाणाला लागणारे हलव्याचे दागिने त्यांच्याइतके सुबक या शहरात कोणी करत नसे. हट्टही तसाच, दागिन्यांइतकाच नामांकित. मुलगा सुजय याने चार वर्षांपूर्वी परस्पर कोर्टात लग्न केलं, तेव्हा "आमच्यासाठी तू मेलास" म्हणून त्यांनी फोन आपटला होता. सुनेचं नावसुद्धा ऐकून घेतलं नाही. आतून मात्र झुरत होत्या.

अशा बाईला यंदा फोनने घाबरवलं. रोज दुपारी ॲप उघडलं की 'ओळखीच्या असू शकतील' अशा माणसांत पहिली एकच बाई. सलोनी एस. चेहरा नाहीच, नुसती पाठमोरी. दोघींच्या ओळखीचं कोणी म्हणावं तर तेही नाही. नीलमताई तिला काढून टाकायच्या, आणि चार दिवसांनी ही आपली पुन्हा पहिल्या जागी हजर.

"जो आपल्याला गुपचूप बघतो ना, तोच दाखवतात," खालच्या मजल्यावरच्या चेतनाबाईंनी छातीठोकपणे सांगितलं.

पुण्याहून लेक देविका तिच्या लखनवी हिंदीत म्हणाली, "नहीं आई, लोकेशन देखते हैं. दो फोन देर तक पास-पास रहे, बस."

हे तर त्याहून वाईट. कोणाचा फोन आपल्या फोनपाशी येऊन बसतो? भाजी घेता घेता त्या मागे वळून बघू लागल्या, जिन्याचं दार दोनदा ओढून बघू लागल्या. बाजारात कोणी बाई पाठमोरी दिसली की छातीत धस्स व्हायचं. चंद्रकांतराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, मशीन आहे ते. काहीही दाखवतं."

संक्रांतीनंतरच्या रविवारी सलोनीने फोटो बदलला. आता तिथे काळ्या झबल्यातलं दीडेक वर्षाचं मूल होतं. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याची बासरी, डोक्यावर मुकुट. नीलमताईंनी फोटो मोठा केला. मुकुटाच्या मधोमध लवंग खोचलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून त्या स्वतः खोचत, दुसरं कोणी नाही. आणि बासरी यंदा एकाच मुलासाठी केली होती. छावणीतल्या कुणा कॅप्टनचा मुलगा म्हणून चंद्रकांतरावांनीच ते काम आणलं होतं, डबाही स्वतः पोचवला होता.

मूल हसत होतं. हसताना डावी भुवई वर गेली होती, सुजयची जायची तशी.

चंद्रकांतराव फिरून आले, तेव्हा त्या फोन समोर धरून बसल्या होत्या.

"कुठल्या कॅप्टनचा हा?"

ते एका पायातली चप्पल काढून तसेच उभे राहिले. "इथेच, जानकीपुरमला राहतात सुजय आणि सलोनी. मी जातो मंगळवारी. अमोघ नाव आहे."

"म्हणजे तुमच्यामुळे ती मला दिसते?"

"माझ्याकडे कुठे ते ॲप? सुजय बघतो तुझं पान. सलोनीच्या फोनवरून. रोज."

नीलमताईंना बरं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला. चार वर्षं तो बघत होता, आणि आपण तिथे काय काय टाकलं? त्यांना मे महिन्यातला एक फोटो आठवला. त्यांनी तो शोधून काढला. फोटोत देविकाच्या खांद्यावर त्यांचा हात होता, आणि खाली त्यांनीच लिहिलं होतं, 'माझं एकुलतं एक लेकरू'. सत्तेचाळीस जणांनी बदाम टाकले होते. आकडा बघून त्या तेव्हा खूश झाल्या होत्या, नावं वाचली नव्हती.

आता एकेक वाचली. सगळ्यांत आधी पडलेला बदाम सलोनीच्या नावाचा होता.

"सुजयनेच टाकला तो," चंद्रकांतराव म्हणाले. "मी तिथेच होतो. त्याने वाचलं, बदाम दाबला आणि मला म्हणाला, बाबा, आईची तब्येत छान दिसते, नाही?"