गुरुवारचं गिऱ्हाईक

दौलतराव टीव्ही बैलासारखा पारखायचा. दुकानात शिरताना चपला बाहेर काढायचा, चालू सेटच्या पाठीवर तळहात ठेवायचा, मागे वाकून आत डोकवायचा, लाकडी खोक्यावर बोटाने टकटक करायचा आणि मग दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून चित्राकडे बघत उभा राहायचा. मोताळ्याच्या बाजारात गोऱ्हे घेतानाही म्हणे तो असाच उभा राहत असे. शेपटी पिळायची तेवढी राहिली होती, ती टीव्हीला नव्हती म्हणून. एवढं सगळं झालं की तोंड वाकडं करून ठरलेलं वाक्य टाकायचा, "रंग खोटा हाये बे."

बुलडाण्याला टॉवर झाला तेव्हा मी रेडिओ दुरुस्तीचा धंदा आवरून टीव्ही विकायला लागलो होतो. भिंतीला लागून पाच-सहा सेट एकाच वेळी चालू ठेवायचो, म्हणजे गिऱ्हाइकाला चित्राला चित्र लावून बघता यावं. लोक बायकापोरांसह यायचे, तासभर हा बरा की तो बरा करायचे, आणि एकदाचा सेट घेऊन, त्याला कुंकू लावून घरी न्यायचे. दौलतराव एकटा यायचा आणि तसाच हात हलवत जायचा. देऊळघाटला त्याचा चांगला भाजीपाल्याचा मळा होता, विहिरीला पाणी होतं, अंगावरचं धोतर परीटघडीचं असायचं. परवडत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

"दौलतराव, घेणार कधी?" मी विचारायचो.

"घेतो ना. चांगला दिसला की घेतो. तू काऊन घाई करून राह्यला?"

त्याचा वार ठरलेला होता, गुरुवार, आणि वेळ संध्याकाळची, शेतीच्या कार्यक्रमाची. त्या कार्यक्रमात एक तरुण बाई शेतकऱ्यांना प्रश्न विचारायची आणि मध्येमध्ये आपणही कीड, खत, फवारणी असं काही सांगायची. दौलतराव सगळे सेट पारखायचा ते त्या बाईच्या तोंडावर. "ह्या सेटात पांढरीफटक, त्या सेटात पिवळी. हिच्या तोंडाले हळद फासली का बे तुह्या सेटनं?" मग मला बटणं फिरवायला लावायचा. "सावळं कर जरा. अजून. हां... लय झालं, माघारी घे." मी माघारी घ्यायचो. "आता तोंड सुजल्यावानी दिसते. जाऊ दे, तुह्याच्यानं नाही होत."

"अहो, तिचा रंगच तसा असेल," मी म्हणायचो.

"नसते."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मले शिकवू नको बाप्पा," असं म्हणून तो पुढच्या सेटसमोर सरकायचा.

त्या बाईविषयी त्याचं मत तर फारच वाईट होतं. ती भेंडीविषयी बोलायला लागली की हा कुत्सित हसायचा. "ही सांगन मले भेंडीचं! भेंडी तोडाले नेली तं हात खाजते म्हणून पळणारी हाये ही." मला वाटायचं, तोंड पाहून माणूस ओळखतो असा याचा गर्व आहे. पण एवढी टिंगल करणारा माणूस तेवढा वेळ पापणी हलवायचा नाही. कोणी मध्ये बोललं तर अंगावर धावून जायचा. कार्यक्रम संपला की याची पारख संपली. पुढे सिनेमातली गाणी लागू देत, नाहीतर क्रिकेट लागू देत, हा चपला पायात सरकवून चालायला लागायचा.

खामगावच्या आणि मलकापूरच्या दुकानदारांनाही त्याने असंच छळलेलं होतं. "खामगावले हिचं नाक बरोबर येते, रंग नाही. मलकापूरले तं काहीच नाही, नुसत्या मुंग्या," असा अहवाल तो मला द्यायचा. तिथून हाकलल्यावर तो माझ्या वाट्याला आला होता. मीही हाकलणारच होतो. सोनाळ्याहून बदलून आलेले एक गुरुजी सेट पसंत करून खिशात हात घालणार, तेवढ्यात हा म्हणाला, "गुरुजी, हा नका घेऊ. यात माणूस मेल्यावानी दिसते." गुरुजींनी हात बाहेर काढला तो रिकामाच. गेले ते पुन्हा आलेच नाहीत.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दौलतराव, घ्यायचा तर घ्या, नाहीतर घरी बसा. दुसऱ्यांची गिऱ्हाइकी कशाला नासवता?"

"मी? मी कायले घेऊ? घरात हे खूळ आणलं का बायकायचे डोळे जातात. माह्या घरी नाही येऊ देत मी."

"मग बघायला कशाला येता?"

"पाह्यल्याबिगर नाही म्हणता येते का?" तो म्हणाला, आणि आपण फार मोठं काही बोललो अशा तोऱ्यात निघून गेला. असल्या माणसाला काय म्हणायचं! त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की असा दीडशहाणा माणूस साऱ्या जिल्ह्यात सापडायचा नाही.

पुढच्याच गुरुवारी तो यायच्या आधी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन थांबली. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात भाजीची रिकामी टोपली. आत यावं की नाही असं तिला झालेलं दिसत होतं. मी म्हटलं, "या मावशी, काय पाहिजे?"

"काही घ्याचं नाही दादा," ती म्हणाली. "शेतीचा कार्यक्रम लागते का तुमच्याकडं? माह्या पोरीले पाह्याचं हाये."

मी तिला स्टूल दिलं. ती स्टुलावर बसली नाही, खालीच बसली, आणि कार्यक्रम लागेपर्यंत दबक्या आवाजात सगळं सांगत राहिली. पोरगी शेतकी कॉलेजात शिकली, तिकडेच दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून मुंबईला गेली. बापाने भर अंगणात तिच्या नावाने आंघोळ केली. तेव्हापासून ती घराला मेलेली. तिचं नाव काढायचं नाही, आठवण काढायची नाही, सणाला तिच्या आवडीचं काही करायचं नाही. आता ती टीव्हीवर येते हे आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. "शेजारी हाये टीव्ही, पण मी गेली की ते बटन बंद करतात. माह्या बुढ्याचा धाक हाये. आज भाजीच्या निमित्तानं आली इथलोक."

तेवढ्यात कार्यक्रम लागला. भिंतीवरच्या सगळ्या सेटवर तीच बाई, एकीकडे पांढरी, एकीकडे पिवळी, नमस्कार करत होती. मावशीने तोंडाला पदर लावला. मग गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि सगळ्यात जवळच्या काचेवर हात ठेवला. "शालू," म्हणाली, "वाळली वो माही पोरगी." थोड्या वेळाने रडता रडता हसली. "पाह्य, कशी भेंडीचं सांगून राह्यली! वावरात नेली तं हात खाजते म्हणून पळे."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे ते डोक्यात यायच्या आतच दारात चपला काढल्याचा आवाज झाला, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "या दौलतराव, आज उशीर केला!"

मावशी वळली. तो दारात, एक पाय आत, एक बाहेर. त्यांच्यामध्ये ती पोरगी पाच-सहा तोंडांनी फवारणी समजावून सांगत होती.

"हे येतात इथं?" मावशीने मला विचारलं.

"दर गुरुवारी," मी म्हटलं. "पावसाळ्याच्या आधीपासून."

मला वाटलं ती किंचाळेल. ती उठली, लुगडं झटकलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "मी घरात तिचं नाव घेतलं तं तुमी ताट फेकलं. आन् स्वतः इथं येऊन दर गुरुवारी जीव थंडा करून राह्यले? एकट्यानं?"

दौलतरावाने सवयीचं काहीतरी बोलायला हवं म्हणून सेटकडे बोट केलं. "रंग... रंग बरोबर नाही."

"कोन्ता त्यातल्या त्यात बरा हाये?"

त्याने कोपऱ्यातला, लाकडी दारांचा सेट दाखवला. गेले कित्येक गुरुवार तो शेवटी त्याच्यासमोरच थांबायचा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"दादा, हा बांधा," मावशी मला म्हणाली. दौलतरावाने घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केली नसावी.

पुढच्या गुरुवारी मी देऊळघाटला अँटेना बसवायला गेलो. कौलांवर चढलो, दिशा धरली, खाली येऊन चित्र लावलं. शेजारपाजारच्या बायका आत येऊन बसल्या होत्या, आता कोणाचाही धाक उरला नव्हता. दौलतराव नवं धोतर नेसून आत यायला लागला तशी मावशी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"तुमी कुठं?"

"पाह्यतो ना."

"कोनाले? तुमची तं मेली ना? आंघोळ केली तुमी तिच्या नावानं. मुंबईले जा, पोरीले हात धरून घरी आना, मंग बसा समोर. तोवर ओसरीवर."

सगळ्या बायकांदेखत बोलली. तो गेला की ओसरीवर! साऱ्या जिल्ह्यातल्या टीव्हींना नावं ठेवणारा माणूस भिंतीला पाठ लावून, खांबाकडे तोंड करून बसला. आत पोरगी बोलायला लागली. थोड्या वेळाने बाहेरून त्याचा आवाज आला, माझ्यासाठी होता, "अबे, तोंडाचा रंग कसा येऊन राह्यला?"

"सांगू नका," मावशी म्हणाली. मी सांगितलं नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी हे महाशय पुन्हा माझ्या दुकानात हजर. चपला काढल्या, आत आले, सेटच्या पाठीवर हात ठेवला. कार्यक्रमाची धून सुरू झाली आणि मी एकेक करून सगळे सेट बंद केले. म्हटलं, "दौलतराव, जिल्ह्यातला सगळ्यात चांगला सेट तुमच्या घरी आहे. जा, तिथे बघा." तो काळ्या काचांकडे थोडा वेळ बघत राहिला आणि गेला. मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या बाईने पोरीच्या नुसत्या आवाजासाठी तडफडावं आणि याने मात्र दर आठवड्याला चोरून पोट भरावं! वर पुन्हा इभ्रतदार म्हणून गावात मिरवावं!

आणि मुंबईला तो गेलाच नाही. मावशी दर गुरुवारी उंबऱ्यातून विचारायची, "कधी निघता?" तो म्हणायचा, "पाहू, भेंडीचा तोडा होऊ दे." भेंडी झाली की वांगी, वांगी झाली की मिरची. ओसरीवर बसून पोरीचा आवाज ऐकायचा आणि तिथूनच टोमणे मारायचा, "हे औषध नसते मारत वांग्याले." त्या हेक्यातच एका हिवाळ्यात तो वारला.

मी भेटायला गेलो तेव्हा पोरगी आलेली होती. ओसरीवर, त्याच खांबापाशी बसली होती. मी तिला ओळखलंच नाही. इतकी वर्षं पाच-सहा सेटवर दर गुरुवारी पाहिलेलं तोंड, आणि ओळखलं नाही, कारण ती चांगली सावळी होती, थेट बापाच्या रंगावर गेलेली. माझ्या एकाही सेटने तो रंग कधी दाखवला नव्हता.

"बाबा तुमच्या दुकानात येत होते म्हणे," ती म्हणाली. "मले पाहून काही म्हणत का?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण म्हटलं, "रंग खोटा आहे म्हणायचे. दर वेळी."

ती हसली आणि रडायला लागली. "तिकडं तोंडाले फासतातच काहीबाही. बाबाले बरोबर समजलं." मग डोळे पुसून म्हणाली, "एक डाव बोलावलं असतं ना दादा, धावत आली असती."

तेव्हा दौलतरावाची पारख खरी होती, हे मी कबूल करतो. खामगावचं, मलकापूरचं आणि माझंही दुकान खोटंच दाखवत होतं. पण मलकापूरला टीव्ही बघायला इतक्या वेळा गेलेल्या या शहाण्याला तिथलं स्टेशन दिसलं नाही? मुंबईची गाडी तिथे रोज थांबते, आणि तिच्यात बसणाऱ्याला कुठलंही बटण फिरवावं लागत नाही.