त्या वर्षी मी वाटलेलं वाण

दोन हजार चारच्या संक्रांतीला अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून चक्क शाळेचे अर्ज वाटले. बाकीच्या जणी प्लॅस्टिकचे डबे द्यायच्या. मी म्हटलं, डबे किती जमवायचे? काहीतरी उपयोगाचं देऊ. पिवळ्या फोल्डरमध्ये चार्टर शाळेचा अर्ज, वर तिळगुळाची पुडी. बाहेर बर्फ, आत काळ्या साड्या आणि साड्यांखाली लोकरी मोजे. "अगं, ही वाणातसुद्धा होमवर्क देते!" म्हणून सगळ्या खिदळल्या, पण जाताना फोल्डर एकजणही विसरली नाही. अर्जाची मुदत संपत आली होती आणि ते फक्त माझ्या लक्षात होतं, याचा मला कोण अभिमान!

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण कारभार स्वतःचा स्वतः पाहणारी शाळा. फी नाही, प्रवेश सोडतीने. तिथलं गणित एक वर्ष पुढचं होतं, आणि एवढं कानावर पडलं की आपल्या लोकांना दुसरं काही ऐकू येत नाही. माझी मुलगी दुसरीत, जवळच्या शाळेत अजून साध्या बेरजा करत होती आणि माझा जीव वरखाली होत होता. सरकार दर मुलामागे पैसे देतं, मूल शाळा बदलतं तेव्हा पैसेही त्याच्याबरोबर जातात, हे मीच सगळ्यांना समजावलं. "आपला टॅक्स, आपलं मूल. कुणाच्या बापाचं खातोय का आपण?" असंही वर म्हणाले.

सोडतीत आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या मुलांचे नंबर लागले. आम्ही घरं एकाच आवारात घेणारी, गाड्यासुद्धा एकाच डीलरकडून घेणारी माणसं. सप्टेंबरात जवळच्या त्या जुन्या शाळेतून सगळे एकदम निघालो.

नवी शाळा एका जुन्या गोदामात होती. मैदान नाही, जिम नाही, डबा वर्गातच खायचा. चौकशी केली तेव्हा कळलं, गावातले लोक मतं देऊन शाळांसाठी जो जास्तीचा कर मंजूर करतात, त्यातलं चार्टरच्या वाट्याला काहीच येत नाही. माझं डोकंच फिरलं. एका जाहीर सभेत माइक हातात घेऊन मी विचारलं, "आमची मुलं काय सावत्र आहेत?" टाळ्या पडल्या. तो प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. पण त्या दिवशी मी अर्धाच हिशोब मांडला होता.

थंडी सुरू होताना आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचं एक कुटुंब राहायला आलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी आमच्या जुन्या शाळेत जाऊ लागली. एकदा तिची आई आमच्या इमारतीच्या लाँड्रीत भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, ही शाळेत एक शब्द बोलत नाही हो. इंग्लिश शिकवणाऱ्या बाई आहेत म्हणे, पण त्या दोनच दिवस येतात."

पुण्याहून आलो तेव्हा माझी मुलगीही अशीच मुकी झाली होती. त्याच बाई रोज तिच्याशेजारी बसायच्या, हातमोज्याची बाहुली करून तिच्याशी खेळायच्या. एका दुपारी ही घरी आली आणि पहिल्यांदा इंग्लिशमध्ये ओरडली, "माय टर्न!" मी ओट्याशी उभी राहून रडले होते.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या शाळेत गेले. बाई पार्किंगमध्ये गाडीत पुस्तकं भरत होत्या. मला बघून त्यांनी मिठीच मारली. मी विचारलं, दोनच दिवस का? "मुलं कमी झाली ना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे यायची त्यातली निम्मी तुमच्याकडचीच होती. आता बाकीचे दिवस मी दुसऱ्या शाळेत जाते." आवाजात राग नावालाही नव्हता. उलट विचारलं, "आणि माझी 'माय टर्न' कशी आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा म्हणाला, "तू एकटीनं थोडंच केलंय?" पण अर्ज मी एकटीनंच वाटले होते.

मग मी त्या मुलीला संध्याकाळी घेऊन बसू लागले. पण मी ही अशी, घाईची. "बोल ना गं, बोल की!" ती टेबलाखाली जाऊन बसायची. माझ्या मुलीला जुन्या शाळेत परत न्यावं, असं मनात यायचं आणि मी ते झटकून टाकायची. तिचं गणित छान चाललं होतं.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू वरच्या मजल्यावर होतं. मला कुंकू लावताना मुलीची आई म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी तुम्ही फार कामाचं वाण दिलं म्हणतात सगळ्या. आम्ही उशिरा आलो ना, आम्हाला नाही भेटलं." टोमणा नव्हता तो, खरीखुरी हळहळ होती. मुलगी तिळगुळाची वाटी घेऊन पुढे आली. "म्हण ना बेटा, तिळगूळ घ्या..." मुलीनं लाडू माझ्या तळहातावर ठेवला आणि आईच्या साडीमागे लपली. "आता घरी पण बोलत नाही ही," आई हळूच म्हणाली. "यंदाचा फॉर्म असेल तर द्या ना, ताई. तिकडे गेली की बोलेल ना?"

आमच्या त्या गोदामातल्या शाळेत इंग्लिश शिकवणाऱ्या अशा बाईच नव्हत्या. तेवढे पैसेच नव्हते शाळेकडे, आणि हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या.

"बोलेल की!" मी म्हणाले.