बोललेला कोंबडा

माघातल्या एका मंगळवारी सकाळी सुनंदाकाकीच्या अकरा कोंबड्यांपैकी दोन खुराड्याबाहेर आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, पण अंगणात पांगल्या नाहीत. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून, चोची किंचित उघड्या ठेवून त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. दरीत सावित्री नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. आंब्याच्या मोहोराच्या वासात कुठल्यातरी शेतात भाजलेल्या राबाचा, पालापाचोळ्याचा धूर मिसळला होता आणि त्या शांततेत कोंबड्यांचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता, ओलसर, खरखरता, जणू प्रत्येकीच्या गळ्यात एकेक लहान हुक्का पेटला आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत मी घराच्या दाराचं काम करून घ्यायला आठवडाभर गेलो होतो. काकीचं घर शेजारीच. "घोरतायत बघ माणसासारख्या," ती म्हणाली. "मला वाटलं, पहाटेचं तूच घोरतोस."

थंडी बाधली असा तिचा निष्कर्ष होता आणि त्यावरचा उपायही तिने दोन दिवस आधीच सुरू केला होता. खुराड्याच्या फटी खताच्या रिकाम्या गोण्यांनी बुजवल्या होत्या आणि संध्याकाळी आत कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली जात होती. मी वाकून आत डोकावलो. विष्ठेचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबला. क्षणभर मलाही श्वास घेता आला नाही. मायेने केलेली व्यवस्था इतकी बंदिस्त असू शकते, हे तेव्हा नाकाला कळलं.

बुधवारी खालच्या गावात शेळ्यांना लस टोचायला आलेल्या डॉक्टर बाई मोटारसायकलवरून वर आल्या. त्यांनी एक कोंबडी उचलून तिची छाती कानाला लावली, चोच उघडून घसा पाहिला, डोळ्याच्या कोपऱ्यातला फेस पुसला. मानमोडी रोगाची लक्षणं दिसत नाहीत, असं सांगितलं. तरी एखादीची मान वाकडी झाली किंवा एकदम बऱ्याच मेल्या तर लगेच फोन करायचा. मग गोण्या स्वतः ओढून काढल्या. "काकी, त्यांना ऊब नको, हवा हवी. धुरी बंद." पाण्यात घालायची पावडर दिली, पाच दिवस. तोवर, आणि त्यानंतर पाकिटावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत, अंडी खायची नाहीत, कापूनही खायचं नाही.

काकीने मान हलवली. तिने डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली नाही. तिचा तांबडा कोंबडा बोललेला होता. मुंबईत गोदामात काम करणारा तिचा मुलगा महेश पावसाळ्यात शिडीवरून पडला, पाय मोडला, तेव्हा तिने ग्रामदेवतेला हा कोंबडा बोलला होता. पाय बरा झाला होता. येत्या रविवारी नवस फेडायचा होता, आणि औषध प्यालेला कोंबडा प्रसादाला चालणार नव्हता. बाई गेल्यावर काकीने त्याला फणसाखाली बांधलं आणि करवंटीत साधं पाणी ठेवलं. कुंपणापलीकडून शेजारच्या पार्वतीवहिनीने विचारलं, "काय गो, कोंबड्या डाक्टरच्या आणि कोंबडा देवाचा?"

गुरुवारी एक कोंबडी मेली. शुक्रवारी उरलेल्या दहांपैकी बहुतेक जणी ऊन अंगावर घेत माती उकरू लागल्या, आणि फणसाखालून तोच खरखरता श्वास येऊ लागला.

त्या दुपारी काकी त्याच्यासमोर बराच वेळ बसून होती. त्याचा तुरा निळसर पडला होता. औषध द्यावं तर रविवार हातचा जाणार, न द्यावं तर कदाचित कोंबडाच. आजारी प्राणी देवापुढे ठेवणं तिला मान्य नव्हतं. शब्द मोडणंही नव्हतं. महेशचा पाय पुन्हा दुखू लागला तर, हे तिने अर्धंच उच्चारलं. माझ्याकडे तिने मत मागितलं नाही.

शेवटी ती देवळात गेली. म्हातारा गुरव वाती वळत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हातातली वात पुरी केली आणि म्हणाला, "सुनंदे, देवाला कसली घाई हाय? रविवार देवानं नाय सांगितला गो. रविवार तुझ्या पोराच्या सुट्टीचा."

घरी येऊन काकीने करवंटीतलं पाणी ओतून टाकलं आणि औषधाचं पाणी भरलं. कोंबडा पीत नव्हता. तिने त्याची चोच बोटाने दोनदा बुडवली, मग तो प्याला.

रविवारी महेश आला. दोघांनी देवळात नारळ फोडला, गुरवाने देवापुढे गाऱ्हाणं घातलं आणि मुदत मागून घेतली. संध्याकाळच्या एसटीने महेश परत गेला. मंगळवारी कोंबड्याचं औषध संपलं. पाकिटावरचे दिवस भरले त्या सकाळी काकीने त्याच्या पायातली दोरी सोडली, असं तिने मला फोनवर सांगितलं. श्वास मोकळा आहे, दाणे टिपतो. महेशला पुढची सुट्टी अजून मिळालेली नाही.