सुरेखा ट्रेनिंगला गेली तेव्हापासून

संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या घरी कापडी पिशव्या साठत जातात. प्रत्येक ट्रेनिंगला एक मिळते. त्या मी भाजीला वापरते. पण पिशवीबरोबर एखादा किस्साही येतो, आणि तो कुठे वापरायचा हे कळत नाही. मग चहाच्या वेळी निघतो. परवा लक्षात आलं की मी सांगते त्यातल्या निम्म्या किश्शांत एकच बाई असते, सुरेखा. मला त्याचाही राग आला.

आमची संस्था महाडला. महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांमधल्या गरीब घरांबरोबर आम्ही काम करतो. बचत गट, रेशनकार्ड, निराधारांची पेन्शन, असं सगळं. मी वंदना, बी.ए., इथे चौदा वर्षं. सुरेखा उमरठच्या पुढच्या एका वाडीतली, बारावी झालेली, माझ्यानंतर नऊ वर्षांनी आली. मुलाखत घ्यायला संस्था चालवणाऱ्या सरांच्या शेजारी मीच बसले होते. "हिला घ्या सर," मी म्हणाले, "चालायची सवय आहे. डोंगरातल्या वाड्या हिला देता येतील."

म्हणजे मला चालायला लागू नये.

*

पनवेलजवळ दहा दिवसांचं निवासी ट्रेनिंग निघालं. संस्थेला एकच जागा. एक जागा म्हणजे मी, हे इतकी वर्षं ठरलेलंच होतं. कोणत्या साड्या न्यायच्या तेसुद्धा मी मनात लावून ठेवलं होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "या वेळी सुरेखा जाईल. वंदनाताई, तुमची बरीच झाली."

"अगदी बरोबर," मी म्हणाले. आवाज कसा निघाला देव जाणे.

मीटिंग संपल्यावर सुरेखा माझ्या टेबलाशी आली. "ताई, माझ्याकडं बॅग नाय. तुमची देता?"

माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एक चाकांची. दुसरीची चेन अर्ध्यात अडकायची. मी तिला दुसरी दिली.

दहा दिवसांनी बॅग परत आली. चेन नवी.

"पनवेलला रस्त्यावर एक माणूस बसतो," सुरेखा म्हणाली. "तुम्हाला किती तरास होत आसंल, ताई."

*

ट्रेनिंगला जाताना तिला वीर स्टेशनपर्यंत सोडायला मलाच पाठवलं होतं. रिक्षा हायवेवरून उड्या मारत चाललेली, सुरेखाच्या मांडीवर माझी बॅग, आणि माझी बडबड चालू. पहिल्या रांगेत बसू नकोस, प्रश्न विचारतात. समजलं नाही तरी मान हलव. मराठीत बोललीस तरी मधे मधे एखादा इंग्रजी शब्द टाक. खरं सांगते, ती तिथे गोंधळली असती तर मला वाईट वाटलं नसतं.

परत आल्यावर सरांनी तिला सगळ्यांसमोर अनुभव सांगायला उभं केलं. सुरेखा म्हणाली, "ताईंनी सांगितलेलं, मागं बस. मी मागं बसले. पण मागं ऐकूच येत नव्हतं. मग मी पुढं गेले. मान हलवली, तर मॅडम म्हनाल्या, काय समजलं ते सांगा. मी म्हटलं, काय नाय समजलं. मग त्यांनी सगळ्यांनाच परत शिकवलं. आर्ध्या जनांना समजलं नव्हतं."

सर हसले. सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे माझ्याकडे बघून हसत होते.

*

माझी सात सर्टिफिकेटं होती. कपाटाच्या खालच्या खणात. पुराचं पाणी ऑफिसात शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला. सुरेखाचं एकच आहे, पुरानंतर मिळालेलं. लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय, पुराच्या रेघेच्या हातभर वर.

येणारे पाहुणे ते वाचतात. मग मला विचारतात, "तुमचं काही ट्रेनिंग झालंय का?"

*

आता एक किस्सा असा आहे की तो मी आजवर अर्धाच सांगत आले.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आम्ही दोघी गेलो होतो. कोणत्या घरांना मदतीची सगळ्यांत जास्त गरज आहे ते बायकांनीच ठरवायचं होतं. पद्धत मला पाठ. देवळासमोर रांगोळीनं वाडीचा नकाशा काढला. एकेक घर, विहीर, पायवाट. मग लाल टिकल्यांचं पाकीट बायकांसमोर ठेवलं आणि म्हणाले, "सगळ्यांत गरीब घरांवर टिकली लावा."

कुणी हात पुढे करेना. एक म्हातारी म्हणाली, "गरीब कोनाला म्हनायचं गो बाय? हितं बसल्यात त्यांच्याच तोंडावर?"

मी समजावलं. पुन्हा समजावलं. पाऊण तास गेला. एक-दोघी गुरांचं निमित्त काढून उठायला लागल्या. सुरेखा इतका वेळ त्यांच्यातच बसली होती. तिनं सहज विचारलं, "बरं, मुंबईवरनं कोनाला फोन येत नाय?"

त्या वाडीत प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला. फोन येतो त्या घरात गॅस येतो, पत्रा येतो, गणपतीला माणसं येतात. फोन थांबला की हेही थांबतं. मग मघाचपासून एक शब्द न बोललेली एक बाई पुढे सरकली. तिनं पाकिटातून तीन टिकल्या काढल्या. एक विहिरीजवळच्या घरावर लावली. एक टोकाच्या घरावर. तिसरी तिनं स्वतःच्या घरावर लावली आणि जागेवर जाऊन बसली.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. पुढचं असं की रिपोर्ट मी लिहिला. त्यात लिहिलं, "चर्चेतून प्रश्न पुढे आला." सरांनी वाचून विचारलं, "फोनचा प्रश्न कुणी विचारला, वंदनाताई? फार चांगला आहे."

"ग्रुपमधूनच आला, सर," मी म्हणाले.

सुरेखा समोरच बसली होती. तिनं मान हलवली.

*

घरी मी हे सगळं जेवताना बोलायचे. सुरेखानं आज असं केलं, सुरेखा आज असं म्हणाली, सरांनी सुरेखाला अमुक काम दिलं. नवरा कमी बोलणारा माणूस. एक दिवस त्यानं तीन ताटं घेतली.

"कोण येणारंय?" मी विचारलं.

"सुरेखा," तो म्हणाला. "रोज असतेच."

*

गेल्या वर्षी पुण्याच्या एक ट्रेनर मॅडम महाडला आल्या. आसपासच्या चार-पाच संस्थांचे लोक एका हॉलमध्ये. दुसऱ्या दिवशी रोल प्ले होता. मी पेन्शनसाठी कचेरीत आलेली निराधार म्हातारी, सुरेखा साहेब. मी मनात म्हटलं, आता बघ. शाळेत असताना नाटकात मला बक्षीस होतं.

मी कंबरेत वाकले. खोकले. पदरानं डोळे पुसले. मागून कुणीतरी "वा" म्हणालं. सुरेखा टेबलामागे बसली होती, मोबाईलमध्ये डोकं घालून. वर न बघता तिनं विचारलं, "कितव्यांदा आलात, आजी?"

ह्याचा मी विचार केला नव्हता. "पहिल्यांदाच, साहेब," मी म्हणाले आणि हुंदका दिला.

सुरेखानं मोबाईल खाली ठेवला. "पहिल्यांदा आलेली म्हातारी रडत नाय, ताई," ती म्हणाली. "ती नटून येते. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. तिला वाटतं, आज काम होणार. रडते ती चौथ्यांदा."

ट्रेनर मॅडमनी डायरी उघडली आणि ते वाक्य लिहून घेतलं. चौदा वर्षांत माझं वाक्य कुणी लिहून घेतलेलं मला आठवत नाही. मी अजून वाकलेलीच होते. सरळ कधी व्हायचं ते कळेना.

पंधरा दिवसांनी मी दुसऱ्याच कामाला एका कचेरीत गेले होते. व्हरांड्यात बाकावर एक आजी बसलेली. हिरवं लुगडं, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नाहीत. केस तेलानं चप्प. माझ्याकडे बघून हसली.

"आजी, पहिल्यांदाच आलात?"

"व्हय गो बाय. तुला कसं कललं?"

मी माझं काम बाजूला ठेवलं आणि तिच्याबरोबर आत गेले. कागद पूर्ण करूनच बाहेर आलो. ही गोष्ट मी सुरेखाला सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

*

आणि हा शेवटचा.

संस्थेत प्रशिक्षण समन्वयकाची जागा निघाली. नव्या कार्यकर्त्यांना शिकवायचं, जुन्यांची उजळणी घ्यायची. अर्ज आम्ही दोघींनीच केले. जागा सुरेखाला मिळाली. सर मला म्हणाले, "तुम्ही सीनियर आहात, तुम्ही तिला सांभाळून घ्याल." मी म्हणाले, "हो सर."

तिचं पहिलं ट्रेनिंग आमच्याच हॉलमध्ये झालं. पंधरा-सोळा जण, त्यात मीही. तिनं दिवसभर शिकवलं. चांगलं शिकवलं, म्हणूनच जास्त त्रास झाला. शेवटी फीडबॅक फॉर्म वाटले. "नाव लिहू नका," ती म्हणाली, "म्हंजे मोकळं लिहिता येईल."

मी मोकळं लिहिलं. "प्रशिक्षकाची भाषा शुद्ध नाही. विषयाची तयारी अपुरी. उदाहरणे फार घरगुती. प्रशिक्षकाने आधी स्वतः अधिक शिकणे आवश्यक." घडी घालून खोक्यात टाकलं.

सर म्हणाले, "वाचून दाखव की सगळ्यांना." सुरेखानं एकेक काढून वाचायला सुरुवात केली. छान. खूप छान. जेवण चांगलं होतं. पुढच्या वेळी पंखा लावावा. मग तिच्या हातात माझा आला.

तिनं तो आधी मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला, सगळा, एकही शब्द न गाळता, तिच्या त्याच भाषेत. "सुद्ध नाही" असंच वाचलं. सर छताकडे बघत होते.

"हे बरोबर हाय," सुरेखा म्हणाली, आणि पुढचा फॉर्म उघडला.

चहाच्या वेळी मी खिडकीशी उभी होते. ती कप घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या हातात तोच फॉर्म होता. तिनं तो खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला, कोरी बाजू वर, आणि त्यावर पेन ठेवलं.

"ताई, 'प्रशिक्षक'मधला 'क्ष' तुम्ही लई सुंदर काढता," ती म्हणाली. "खालची शेपटी अशी वळवून. आपल्या ऑफिसात तसा कोनीच काढत नाय. मला पाच वर्षांत जमला नाय. एकदा दाखवा ना."

मी पेन उचललं. काढून दाखवला.

तिनं त्याच्याच खाली एक काढला. माझ्यापेक्षा चांगला आला.