गुऱ्हाळावरची सयामी पेज

माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले सात दात बारामतीच्या डॉक्टरांनी एका बैठकीत काढले, आणि त्याचा सगळ्यांत जास्त त्रास झाला तो मला. त्यांना दुखलं असणारच. पण आबा दुखण्याला भीक घालणारे नव्हते. बावड्याला घरी येईपर्यंत त्यांनी तोंडातून हूं की चूं केलं नाही. त्रास सुरू झाला तो नंतर, जेवणाच्या वेळी.

माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि नणंद सासरी नांदत होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आबा, आमचे हे आणि मी. चूल माझ्या एकटीच्या ताब्यात होती आणि तिचा मला भारी तोरा होता. माझी भाकरी टम्म फुगायची, पापुद्रा अलगद सुटायचा. हे मी स्वतःच सांगते, कारण घरातल्या दोन्ही पुरुषांनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

दात गेल्यावरही आबांनी भाकरीच मागितली. "ठेव हितं. खातो सावकाश," म्हणायचे. मी ताट ठेवून कामाला लागायची आणि परत येऊन बघावं तर ताट रिकामं. मला वाटलं, चला, जमतंय यांना. पण पंधरा दिवसांत त्यांची बंडी खांद्यावरून घसरायला लागली, आणि गोठ्यातलं वासरू मात्र गोल गरगरीत झालं. एके दिवशी मी पाण्याची कळशी घेऊन मागच्या दारानं आले तेव्हा उलगडा झाला. आबा वासराच्या तोंडात भाकरीचा चतकोर देत होते आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते.

मी तशीच मागं फिरले, आणि त्या दिवसापासून माझं डोकं त्याच एका गोष्टीत अडकलं. दूध त्यांना सोसत नसे. आमटीत भाकरी कुस्करून दिली तर म्हणाले, "मी काय रांगतोय व्हय?" कवळी बसवायची म्हणावं तर हिरड्या भरायला काही महिने जाणार होते, आणि कवळीचं नाव काढलं की ते तिला घोड्याचा लगाम म्हणत. शेवटी मी कणी आणली, म्हणजे तांदळाची चुरी, आणि तिची मऊसूत पेज केली.

इथंच चुकलं माझं. आमच्या भागात तेव्हा भात व्हायचा तो सणासुदीला. तांदूळ शिजवून त्याची पेज व्हायची ती फक्त अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी. पेजेचा वास गल्लीत गेला आणि शेजारच्या काकू पदर सावरत दारात उभ्या राहिल्या.

"सकाळच्या पारी पेज शिजतीया. आबांना लई झालंय व्हय?"

मी म्हटलं, तसं काही नाही, दात काढलेत म्हणून केली. पण काकूंनी हवं तेवढंच ऐकलं. दुपारपर्यंत चार म्हातारे ओट्यावर येऊन बसले. तोंडं उतरलेली, आवाज खाली. त्यांतल्या एकानं तर आबांना विचारलंच, "लेकीला निरोप धाडलाय न्हवं?"

मंडळी गेल्यावर आबांनी पेजेची वाटी उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत नेऊन वासरापुढं ठेवली. "मी अजून निघालो न्हाय," एवढंच म्हणाले आणि टॉवेल तोंडावर धरून बाहेर पडले. दात गेल्यापासून बोलताना ते तोंडावर टॉवेल धरत. मला आधी राग आला, माझ्या मेहनतीचं मातेरं केलं म्हणून. मग लाज वाटली. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला मी गावादेखत खाटेवर निजवलं होतं.

बरं, दिवस गुऱ्हाळाचे होते. आबा गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत कढत असताना गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस तो गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. आसपासच्या वस्त्यांवरून आबांना बोलावणं यायचं. आता तेच आबा त्या रटरटणाऱ्या काहिलीच्या काठाशी पोटात अन्न नसताना उभे राहत, आणि हल्ली मांडवाच्या मेढीला धरून उभे राहत. मला घरात भांडी घासतानासुद्धा तेच दिसायचं. पाय लटपटला तर काय, या विचारानं माझा हात जागीच थांबायचा.

संध्याकाळी मी सगळं यांच्या कानावर घातलं. आमचे हे आठवडाभरात जेवढं बोलत तेवढं मी पाण्याच्या एका खेपेत बोलत असे. नांगर सोडून, घरात न सांगता ते फौजेत भरती झाले होते. जपानशी लढाई संपल्यावर त्यांची पलटण काही महिने सयामात होती, म्हणजे आताच्या थायलंडात. परत आल्यावर आबांनी त्यांना शेतावर घेतलं, पण तिकडं काय पाहिलं, काय खाल्लं, हे एकदाही विचारलं नाही. बापलेकांत बोलणं व्हायचं ते पाण्याच्या पाळीचं नाहीतर बैलांचं. न विचारता सांगायचा यांचा स्वभाव नव्हता.

त्या संध्याकाळी मात्र ते म्हणाले, "सयामात सकाळी समदी पेजच खात्यात."

"ताप नसताना?" मी विचारलं.

"ताप नसताना. हमाल, पोलीस, साळंला जाणारी पोरं. रस्त्याकडंला मोठं पातेलं असतंय."

मग एकेक करून त्यांनी सांगितलं. कणी कोंबडीच्या रश्शात शिजवायची, दाणा पार फुटेपर्यंत. मांस बारीक कुटून गोळ्या सोडायच्या. वरून आलं, तळलेला लसूण, मिरपूड, कोथिंबीर. आणि मासळी मुरवून काढलेलं एक पाणी घालतात, त्याला नाक धरावं असा वास येतो पण त्याशिवाय चव नाही. मी ऐकत राहिले. इतकं स्वयंपाकाचं ज्ञान या माणसाच्या पोटात दोन वर्षं दडलं होतं आणि मी रोज यांना विचारायची, आज काय करू.

घरी केली तर काकू पुन्हा येणार, म्हणून आम्ही ती गुऱ्हाळावर करायचं ठरवलं. एक म्हातारी कोंबडी कापली. तिचा रस्सा मी पहाटे चढवला, आणि यांनी मांस पाट्यावर असं वाटलं की दातांना कामच राहू नये. मासळीच्या पाण्याची सोय बावड्यात कुठून होणार? मी सुकट भाजून तिची पूड केली. तळलेला लसूणही हातानं चुरला.

सकाळी पहिली काहील उतरली, गूळ निवायला वाफ्यात ओतला आणि गडी हातपाय धुवायला गेले, तेव्हा आम्ही बाजूला तीन दगडांवर पातेलं ठेवलं. आबा दहा पावलांवर पाठ करून बसले होते. पेज होते आहे हे वासानं त्यांना कळलं असणार, कारण त्यांची पाठ ताठ झाली. हे ढवळत होते, मी चिपाडं सारत होते. मला आतून धाकधूक होती. आता उठून घरी गेले तर पुन्हा कधी माझ्या हातचं पाणी तरी घेतील का?

"खाली लागतीया," आबा म्हणाले. वळून न बघता, नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून.

यांनी ढवळायचा वेग वाढवला.

"हात थांबवू नगंस. कडंनं घे, कडंनं."

ते हुकूम सोडत राहिले आणि हे चुकत राहिले. मुद्दाम चुकत होते की खरंच, हे मी पुढं अनेकदा विचारलं, पण यांनी कधी कबूल केलं नाही. शेवटी आबा उठलेच. लेकाच्या हातातलं उलथनं काढून घेतलं, पातेल्याच्या तळापासून एक फेरा दिला, उलथनं वर धरलं आणि गळणारी पेज डोळे बारीक करून पाहिली. गुळाची पाहत तशीच.

"कणी फुटली न्हाय अजून."

सहा गडी वाट्या घेऊन उभे. आबांनी आणखी बराच वेळ ढवळलं, पुन्हा उलथनं वर धरलं, आणि मग म्हणाले, "उतरवा."

काहील उतरली की थोडा गूळ बोटावर घेऊन पाहायची त्यांची सवय. हात आपसूक गेला. बोटावर पेज घेतली, फुंकली, जिभेला लावली. मी खाली मान घालून चिपाडं ओढायला लागले, पण सगळा जीव कानात गोळा झाला होता.

"मीठ कमी हाय," आबा म्हणाले.

मी मीठ घातलं. त्यांनी पुन्हा चाखली, या वेळी वाटीतून. मग मिरचीचा ठेचा मागितला, लिंबू मागितलं. मी आधी गड्यांना वाढलं, हट्टानं आधी त्यांनाच, आणि मग आबांच्या वाटीत पळी ओतली जशी इतरांच्यात ओतली तशीच. सगळे ओळीनं बसले. वरपण्याचे आवाज सुरू झाले. उसाच्या मोळ्या उचलणारा सगळ्यांत दांडगा गडी तिसऱ्यांदा वाटी पुढं करत होता. आबांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि स्वतःची वाटी पुढं केली. दुसऱ्यांदा.

मला रडू येत होतं, ते मी धुरावर ढकललं.

वाटी पुसून झाल्यावर आबांनी यांच्याकडं पाहिलं. "तितं कोण करायचं ही?"

हे घरी परत आल्यापासून आबांनी तिकडचं विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"एक म्हातारी हुती. छावणीच्या फाटकापाशी बसायची. आमाला बघितलं की वाटी भरायची."

"दात हुते का तिला?"

"न्हाय. एक बी न्हाय."

आबा हसले. टॉवेल मांडीवर तसाच राहिला, आणि त्यांच्या लालसर हिरड्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. "मग तिला समजत असंल," ते म्हणाले. "अजून काय खात्यात तितं?"

हे सांगू लागले. आधी अडखळत, मग सरळ. दुसरी काहील चढवायची वेळ झाली तरी दोघं बोलतच होते. मी पातेलं डोक्यावर घेऊन घरी आले.

त्या दुपारी गोठ्यात वासरू बराच वेळ हंबरत होतं. त्याच्याकडं कुणी फिरकलंच नव्हतं.