टाकी खाली आहे, पण खाली नाही

गाडी बंद पडली की ते सावकाश उतरायचे, मफलर सारखा करायचे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचे आणि नाक जवळ नेऊन दीर्घ श्वास घ्यायचे. मग जाहीर करायचे, "टाकी खाली आहे, पण खाली नाही!" पहिलं 'खाली' मराठी, दुसरं हिंदी. फरीदाबादेत जन्म काढलेल्या मराठी माणसालाच सुचावा असा हा विनोद ते दर वेळी नवा असल्यासारखा करायचे. त्यानंतर मी किल्ली फिरवली की गाडी सुरू.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'खालचे'. सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी परदेशी. तुमच्याही जिन्यात असं कुणी असेल. दार किलकिलं ठेवून बसणारं, तुमच्या हातात किल्ली दिसली की "कुठे निघालात?" विचारणारं.

माझ्या जुन्या गाडीचं दुखणं विचित्र होतं. बाजारापर्यंत छान जायची, लांब निघालं की मध्येच मान टाकायची. मेकॅनिकपुढे मात्र साळसूद. "अंकलजी, गाडी तो मक्खन है," म्हणत प्रत्येकाने काही ना काही बदललं. प्लग बदलले, पंप बदलला, शेवटी मी मेकॅनिक बदलले. गुण यायचा तो फक्त खालच्यांच्या नाकाने. त्यामुळे गुडगावला मुंज असली तरी ते पुढच्या सीटवर, मांडीवर चिवड्याचा डबा.

"सुईणीसारखं न्यावं लागतं तुम्हाला," आमची ही म्हणायची.

"म्हणा वहिनी, काहीही म्हणा. डिलिव्हरी होतेय ना?"

एकदा ते तापाने पडले होते, म्हणून रस्त्यात झाकण मीच उघडलं. फुस्स असा आवाज झाला आणि वास न घेताच गाडी सुरू झाली! जुनं झाकण हरवल्यावर मी करोल बागेतून जे घट्ट झाकण आणलं होतं, त्यातून हवा आत जायला वाटच नव्हती. पेट्रोल कमी होईल तशी टाकी ते आत ओढून धरायची आणि इंजिन उपाशी राहायचं. म्हणजे नाकाचा काही संबंध नव्हता, झाकण उघडण्याचा होता.

मी झाकण बदललं आणि हा शोध सोसायटीत सगळ्यांना हसून हसून सांगितला. त्यांच्यादेखत. तेही हसले. म्हणाले, "म्हणजे मी परत एकदा रिटायर!"

पुढच्या रविवारी आम्ही चादरी आणायला पानिपतला निघालो. दार किलकिलं होतं, मफलर बांधलेला होता. "कुठे निघालात?"

"जवळच," मी म्हणालो.

गाडी मक्खन चालली. हिने दोनदा पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. चिवडा नव्हता.

घरी येताच मी ते घट्ट झाकण शोधून परत लावलं. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन म्हणालो, "अहो, रोग झाकणाचा नव्हता. गाडी पुन्हा बिघडली. चादरी बदलायला जायचंय, येता?"

ते आधीच चपला घालत होते.

हायवेवर, भर उन्हात, गाडीने मान टाकली. ही मेकॅनिकांच्या सात पिढ्या उद्धरत रस्त्याकडेला उभी. खालच्यांनी झाकण उघडलं. फुस्स. वास घेतला. मग झाकण उलटं करून नीट पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी जाणारे ट्रक पाहू लागलो.

"टाकी खाली आहे..." ते थांबले.

"पण?" ही ओरडली.

"पण खाली नाही, वहिनी!"

झाकण त्यांनी स्वतः आवळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घट्टच ठेवत जा हं. नाहीतर गाडी सुधारायची."

हिला हे मी आजवर सांगितलेलं नाही. त्यानंतर ती उन्हात जितक्या वेळा उभी राहिली, तो दोष माझा. मेकॅनिकांना घातलेल्या शिव्याही तिने माझ्याकडे वळवाव्यात. पण त्या 'जवळच'चं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते वारले. गाडीचंही वय भरलं, ती भंगारात गेली. जिना उतरताना माझी पावलं अजूनही त्या दारापाशी हळू होतात. खालचं घर आता दोन्ही भाषांत खाली आहे.